म्हाकूबाईचा कान

फार फार मागं, हिंगणमाळावर माणसांपेक्षा शेळ्या जास्त होत्या, तेव्हाची ही गोष्ट. म्हाकूबाई त्या गावात धनगराघरची नवी सून म्हणून आली. माहेराहून तिच्यासंगं काय आलं, तर एक लुगडं आणि एक काळं करडू. लुगडं सासूनं पेटीत ठेवलं. करडाची आई मेलेली, त्यामुळं त्याला कुणी हात लावला नाही. म्हाकूनं त्याचं नाव काजळ्या ठेवलं. नवरा मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेलेला. म्हाकू दिवसभरात जे काही बोलायची ते काजळ्याशीच, असं म्हणतात.

त्या साली माळ करपला. बसलेली शेळी उठायची नाही. घरात उरलं होतं तुरीचं भुसकट आणि शेंगांची टरफलं, आणि त्यावरही गुळाच्या पाण्याची घागर कलंडलेली. सासूच्या तोंडात एकही दात नव्हता. ओलं भुसकट बघून ती म्हणाली, ‘पुरून टाक.’ की ‘पुरवून टाक’ म्हणाली? त्या बोळक्यातून दोन्ही सारखंच यायचं, आणि नव्या सुनेनं परत विचारायची रीत नव्हती. म्हाकूनं दोन्ही केलं. अंगणात रांजण गळ्यापर्यंत पुरला, भुसकट पायानं दाबदाबून भरलं, तोंडावर शेणमातीचा लेप दिला. घरातला शेवटचा झाडपाला संपला तेव्हाच तो लेप फोडला. आत सगळं आंबलं होतं. आंबटगोड वास अंगणभर सुटला आणि काजळ्यानं मानेपर्यंत तोंड खुपसलं.

बायका आधी हसून गेल्या. म्हाकूनं बोकडाला लोणचं घातलंय म्हणाल्या. मग काजळ्याच्या पाठीवर तकाकी आली, तशा त्याच बायका आपापलं भुसकट पदराखाली झाकून आल्या. म्हाकूनं सगळ्यांना रांजण भरून दिले. तिचा हात लागलेला रांजण खरवडला तरी रिकामा होत नसे, असं म्हणतात. गावातल्या उरल्यासुरल्या शेळ्या तगल्या.

आणि माळाईची जत्रा आली. देवीला बोकड लागतो, तो अव्यंग लागतो. बाकीच्यांची नुसती हाडं झालेली. अंगावर मास होतं एकट्या काजळ्याच्या. गावानं ठरवलं. म्हाकूला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

कान फाटलेला बोकड देवीला चालत नाही, हे म्हाकूला ठाऊक होतं. जत्रेच्या दिवशी पहाटे ती विळा घेऊन गोठ्यात गेली. तिनं काजळ्याचा कान धरला. त्याला वाटलं, खाऊ आणलाय. त्यानं आपणहून डोकं तिच्या ओंजळीत दिलं. विळा हातात राहिला. एवढंसं रक्त तिच्यानं काढवलं नाही, म्हणून सगळंच गेलं.

मटण शिजायला वेळच लागला नाही. बोकडाचा उग्र दर्प नाही, चिवटपणा नाही, रश्शावर सोन्यासारखा तवंग. लोक बोटं चाटत राहिले. कित्येक वर्षांत सासूनं मटण तोंडात धरलं नव्हतं. तिनं हिरड्यांनी पहिला घास चावला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हाकू, एवढं मऊ कसं गं हे?”

“आत्याबाई, तो जगावा म्हणून मी त्याला ते आंबवण घातलं होतं.”

सासूनं मान हलवली आणि आणखी रस्सा मागितला.

तिथून पुढं घरोघर बोकडं आंबवणावर वाढू लागली. जगावीत म्हणून कुणी वाढवत नव्हतं. लांबलांबचे लोक हिंगणमाळाचा बोकड मागत येऊ लागले. रांजण दाबायला म्हाकूलाच बोलवायचे. ती जायची, पाय द्यायची, कुणाशी बोलायची नाही. तिच्या हातापायांचा आंबूस वास कधी गेला नाही.

मग एका जत्रेच्या सकाळी गाव उठलं, तर एकाही दावणीला बोकड नव्हता. म्हाकूही नव्हती. सगळी बोकडं त्या वासामागं माळ चढून गेली, असं म्हणतात. वरच्या काळ्या खडकावर खुरांचे ठसे आहेत आणि त्यांच्या मधून बाईची पावलं. चढतानाची आहेत. उतरतानाची नाहीत. त्या वर्षी देवीनं आणि गावानं आमटी-भाकरी खाल्ली.

हिंगणमाळावर अजून रांजण पुरतात. जत्रेआधी एक काळं करडू निवडतात आणि गावात सगळ्यात नवी आलेली सून त्याचा कान चिरते. पोरगी विळा कानाशी नेऊन थांबते. म्हाताऱ्या तिचं मनगट धरतात आणि म्हणतात, “चीर. चिरलेला कान जगतो.” ते करडू म्हाकूबाईचं. ते म्हातारं होऊन मरतं.

बाकीच्यांचं मटण होतं. पानं वाढली की कुणीतरी म्हातारं माळाकडं हात करतं आणि म्हणतं, “म्हाकूबाई, तोंड फिरव.” क्षणभर कुणी पानाला हात लावत नाही.

मग जेवतात. पोटभर जेवतात.