सोपान घोलपचे संदर्भ

टाकळवाडीत एक भोळा विद्यार्थी होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईच्या तोंडाकडे बघून. नाहीतर दुसरा शब्द आहे.

नाव सोपान घोलप. बी.ए.च्या शेवटच्या वर्गात हे त्याचं तिसरं वर्ष. बाकी सगळे विषय कसेबसे सुटले होते, शोधनिबंध तेवढा राहिला होता. निबंध अडला म्हणून लग्न अडलं होतं. पलीकडच्या गावच्या राजारामअण्णांनी निरोप धाडला होता, "पोरगा बी.ए. झाला तर आमची शेवंता देऊ. नाही झाला तर राम राम." आणि सोपानचा सगळा जीव शेवंतेत. जत्रेत एकदा ती त्याला म्हणाली होती, "अहो, चपला उलट्या घातल्यात." तेव्हापासून.

निबंधाचा विषय होता 'आमच्या गावातील भांडणे, कारणे व उपाय'. विषयाला तोटा नव्हता. सोपाननं साठ पानं लिहिली आणि कॉलेजात वर्तकबाईंपुढे ठेवली.

बाईंनी चार पानं चाळली. "हे कोणी सांगितलं तुला?"

"लोकांनी."

"कुठल्या लोकांनी? अरे, दुसऱ्याचं बोलणं घेतलं की त्याचं नाव द्यायचं. कोण म्हणालं, कुठं म्हणालं, कधी म्हणालं, सगळं. याला संदर्भ म्हणतात. नाव न देता घेतलं तर ती चोरी."

"असं होय!" सोपान म्हणाला. "आता नाही चुकत." आणि वहीत लिहून घेतलं.

गावात उतरला तर समोर कोंडाजीतात्या, तुपाची किटली घेऊन. सोपान म्हणाला, "तात्या, तुमच्या तुपात उकडलेला बटाटा असतो."

"कोण म्हणतं?"

इतका सरळ प्रश्न सोपानला जन्मात कोणी विचारला नव्हता. तो खूश झाला. "अनसाबाई शिंगाडे. सार्वजनिक नळ, सोमवार, सकाळचे सात. घागर अर्धी भरली होती."

तात्या किटली तिथंच ठेवून अनसाबाईच्या दारात गेले. मग अनसाबाई तात्यांच्या दारात आली. मग दोघं मिळून सोपानच्या दारात आले. तीन दिवस गावात कोणी कोणाशी धड बोललं नाही. निबंधात एक भांडण वाढलं, सोपानच्या पाठीवर चार वळ वाढले.

सोपान बाईंकडे गेला. पाठ दाखवली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, विश्वासानं सांगितलेली गोष्ट असली तर नाव झाकायचं! 'एका माहीतगार व्यक्तीनं सांगितलं' एवढंच म्हणायचं. जीव गेला तरी नाव फोडायचं नाही."

"असं होय! आता नाही चुकत." वहीत लिहून घेतलं.

त्याच रविवारी राजारामअण्णा मुलगा बघायला आले. निकालाआधी एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून. सतरंजी अंथरली. सोपानचे वडील कडक टोपी घालून बसले. आई पोहे घेऊन आली. बोलणं कुठून तरी सुरू करायचं, म्हणून अण्णा म्हणाले, "हे तुमचे वडील का?"

सोपान विचारात पडला. वडील हे वडील आहेत, हे त्याला लहानपणी आईनं सांगितलं होतं. आईएवढं विश्वासाचं कोण?

तो म्हणाला, "मला तसं सांगण्यात आलंय."

"म्हणजे?"

"एका माहीतगार बाईनं सांगितलं. नाव विचारू नका. जीव गेला तरी फोडणार नाही."

पोह्यांचं ताट आईच्या हातातून सुटलं. वडिलांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. अण्णा उठून दारापर्यंत गेले. पण पोह्यांचा वास चांगला होता, म्हणून परत फिरले. सांडायचे राहिलेले पोहे खाऊन म्हणाले, "हे बघ, बी.ए. झालास तर आजचं विसरलो. नापास झालास तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

सोपान धावत बाईंकडे.

बाईंनी समोरची वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाल्या, "एका माणसाच्या सांगण्यावर गेलास ना, इथंच चुकतं तुझं. कुठलीही गोष्ट एकानं सांगितली म्हणून खरी धरायची नाही. दुसऱ्या माणसानं वेगळं येऊन तेच सांगितलं, तरच खरी."

"असं होय! आता नाही चुकत." वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

घरी पोचतो तोच शेजारचा भिवा पळत आला. "सोप्या, तुमची कडब्याची गंजी पेटली!"

"तू बघितलीस का ऐकलंस?"

"अरे, माझ्या भुवया बघ! जळाल्यात!"

"बरं. हा एक संदर्भ झाला."

दुसरा शोधायला सोपान निघाला. वाटेत आणखी तिघं 'आग, आग' ओरडत गेले, पण ते भिवाचंच ऐकून ओरडत होते. त्यांना धरून चालणार नव्हतं. शेवटी टेकडीवर एक मेंढपाळ भेटला, त्याला भिवा माहीतसुद्धा नव्हता. तो म्हणाला, "खाली काहीतरी जळून गेलं बघ मघाशी."

सोपान समाधानानं खाली आला. गंजीची राख झाली होती. म्हैस राखेकडे बघत होती. वडील सोपानकडे बघत होते.

तोंडी परीक्षेला दोन दिवस उरले. संदर्भ घालता घालता निबंधाची साठ पानं दोनशे झाली होती, पण निष्कर्ष नव्हता. वर्तकबाई टेकीला आल्या होत्या. हा पोरगा चौथ्या वर्षी परत आपल्याच समोर बसणार, या विचारानं त्यांना जेवण जाईना. शिपाई गणपा चहा ओतत होता, त्याच्यासमोरच त्या म्हणाल्या, "बस. निष्कर्ष मी सांगते, तू लिही. बाहेरचे परीक्षक काही वाचत नाहीत. निबंधाची जाडी बघतात आणि जेवणात बासुंदी आहे का विचारतात. हे कोणाला बोलू नकोस हं, विश्वासानं सांगतेय. आणि मी सांगते ते जसंच्या तसं घे, एक अक्षर इकडचं तिकडं करू नकोस."

"असं होय! आता नाही चुकत."

परीक्षेचा दिवस आला. राजारामअण्णा निकाल ऐकायला दाराबाहेर बाकावर बसले. आत टेबलाशी परीक्षक, पोटानं भरदार. त्यांच्या डाव्या हाताला वर्तकबाई, हिरव्या साडीत.

परीक्षकांनी निबंध हातावर तोलला. "वा! दोनशे पानं!" मग कधी नव्हे ते शेवटचं पान वाचलं. "निष्कर्ष तर फारच सुरेख. हा तुझा स्वतःचा ना?"

बाईंनी हळूच मान हलवून 'हो म्हण' अशी खूण केली.

सोपाननं वही आठवली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान. आज काही म्हणता काही चुकवायचं नव्हतं. बाहेर अण्णा बसले होते.

"नाही सर. एका माहीतगार व्यक्तीनं सांगितला. विश्वासानं सांगितलाय, नाव नाही फोडणार."

"म्हणजे तू लिहिला नाहीस?"

"लिहिला मीच. सांगितला त्यांनी. शिक्षकांची खोली, मंगळवार, दुपारचे तीन. जसंच्या तसं सांगतो. 'बाहेरचे परीक्षक काही वाचत नाहीत. निबंधाची जाडी बघतात आणि जेवणात बासुंदी आहे का विचारतात.'"

परीक्षकांनी निबंध टेबलावर ठेवला.

"कोण," परीक्षक सावकाश म्हणाले, "कोण ही व्यक्ती?"

"नाव जीव गेला तरी नाही. हिरवी साडी आहे, तुमच्या डाव्या हाताला बसलीय. दुसरा साक्षीदार गणपा शिपाई, बाहेर आहे, बोलावू? आणि सर, बासुंदी आहे. मी आचाऱ्याला वेगळं विचारलं आणि वाढप्याला वेगळं विचारलं."

"नापास!" परीक्षक असे ओरडले की खिडकीतली कबुतरं उडाली. "चालता हो!"

सोपान हसतमुखानं बाहेर आला. अण्णा बाकावरून ताडकन उठले. "काय रे, कोण ओरडलं? काय झालं निकालाचं?"

"अण्णा, नापास म्हणतायत," सोपान त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "पण घाबरू नका, म्हणणारा एकच आहे. दुसरा कोणी वेगळं येऊन सांगेपर्यंत ते काही खरं धरायचं नाही. तोवर तुम्ही मांडवाचं बघा."