गुंडाळून निजलेली वाट

ऐका हं. एक होता डोंगर, आणि त्या डोंगराची वाट हरवली होती.

डोंगराच्या पायथ्याला गाव. गावातली मथू सात नद्या ओलांडून शिकायला गेली होती. तिथं ती झाडांची नावं शिकली, पाखरांच्या बोल्या शिकली. आठ वर्षांनी परत येताना तिला वाटत होतं, आपली वाट तशीच असेल. लाल मातीची, दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या. बायका भारे घेऊन उतरत असतील, मोठमोठ्यानं बोलत असतील. आपल्याला बघून म्हणतील, "अगं बाई, मथू आली!"

आणि येऊन बघते तर काय? वाटच नाही! पुरुषभर उंच घाणेरीची झुडपं माजलेली. बाई नाही, भारा नाही, हाक नाही. डोंगराला वळसा घालून खालून गाडीरस्ता झाला होता, बरं का. सगळे त्या रस्त्यानं जायचे. वर माथ्यावर पाण्याचा झरा होता, जुनी राई होती. पण तिकडं कुणी फिरकतच नव्हतं.

मग काय झालं, राजानं दवंडी पिटवली. "दर पुनवेला माझा कारभारी येईल. ज्या डोंगरावर माथ्यापर्यंत पायवाट दिसणार नाही, तो डोंगर कुणाचाच नाही. तिथली झाडं कोळशाच्या भट्टीला जातील!"

पुनव चार दिवसांवर आली होती. मथू तशीच उठली. ती घरोघर गेली. म्हणाली, "चला, आपण मिळून वाट मोकळी करू."

मैनाकाकू धान्य पाखडत होत्या. "खाली चांगला रस्ता झालाय की. काट्यांत कुणी मरायचं?"

धोंडूतात्या तर हसायलाच लागले. "एवढी शिकून आलीस, म्हण एखादा मंत्र. वाट आपली आपण होईल!"

मग ती पारूकडे गेली. पारू तिची लहानपणची मैत्रीण. पारू म्हणाली, "उद्या येते गं." उद्या आला. पारू आली नाही.

मग मथू एकटीच गेली. शिकलेली ना ती! तिनं दोरी ताणली आणि नाकासमोर सरळ वाट कापत नेली. हातांना फोड आले. सकाळी येऊन बघते, तर घाणेरी पुन्हा उभी! दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट रुंद कापली. सकाळी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्या हातातून कोयता गळून पडला. ती तिथंच बसली आणि रडली. एवढ्या मोठ्या डोंगरावर तिच्या रडण्याला ओ द्यायलाही कुणी नव्हतं.

रडता रडता तिचा पाय कशाला तरी लागला. गार, मऊ. तिनं फांद्या बाजूला केल्या, तर खाली वाट! खरीखुरी वाट, बरं का. पैसा किडा बोट लागलं की कसा गुंडाळतो? तशी गुंडाळून निजलेली.

"कोण गं?" वाटेनं विचारलं.

"मी मथू."

"एकटीच?"

"एकटीच."

"मीही," वाट म्हणाली.

"मग ऊठ ना! मी एवढं कापतेय, तू उठत का नाहीस?"

"तू दोरीनं कापतेस ती मी नव्हे. मी वळत वळत जायचे. कुणाचे पाय दुखले म्हणून वळले, कुणाला सावली हवी म्हणून वळले. आता ती वळणं मला आठवत नाहीत. ज्यांची होती त्यांना विचार."

मग मथू धावत गावात गेली. या वेळी ती कुणाला 'चला' म्हणाली नाही.

"मैनाकाकू, तुम्ही भारा कुठं टेकवायचात?"

काकूंचं सूप थांबलं. "जांभळीखाली. तिथनं डावीकडं वळायचं. चढ कमी लागतो."

"तात्या, तुम्ही उतरताना कुठून यायचात?"

"वारुळाच्या वरच्या अंगानं. नागोबाच्या दारातनं जातात का, वेडे?"

पारूलाही तेच विचारलं, तशी तिनं मान खाली घातली. "पळसापाशी. आपण दोघी तिथं पाय सोडून बसायचो."

"येतेस?"

पारूनं घरात पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

मग मथू एकटीच वर गेली. जांभळीखाली डावीकडं वळली, तशी वाट थोडी उलगडली. वारुळाच्या वरून गेली, अजून थोडी उलगडली. पळसाला वळसा घातला, आणि वाट सरसर धावत झऱ्यापाशी जाऊन पोचली.

दुसऱ्या दिवशी कारभारी आला. चांगला जाडजूड, धापा टाकत चढला. झऱ्याचं पाणी प्यायला आणि म्हणाला, "आहे बाबा, वाट आहे!" गावात गूळ वाटला. मग सगळे गाडीरस्त्यानं आपापल्या घरी गेले. वर बघायलाही कुणी आलं नाही.

मथू झऱ्यापाशी बसून राहिली. वाट हळूच म्हणाली, "पावलं पडली नाहीत तर मी पुन्हा गुंडाळून निजेन. मला राग नाही गं. मला थंडी वाजते."

"किती पावलं लागतात तुला?"

"रोजची एक जोडी. चढणारी आणि उतरणारी."

"लोक येतील," मथू म्हणाली.

"कधी?"



त्याच संध्याकाळी खाली बैलांचा तांडा उतरला. सात नद्यांपलीकडच्या तिच्या गुरुजींचा निरोप होता, "तुझी जागा राखून ठेवली आहे. तांड्याबरोबर ये. इथं तुझ्याशी बोलायला पुष्कळ माणसं आहेत." मथूनं बोचकं बांधलं.

सकाळी बैलांची घुंगरं वाजू लागली. तांड्याचा म्होरक्या म्हणाला, "चल पोरी, ऊन चढायच्या आत नदी गाठायचीय."

मथूनं डोंगराकडे पाहिलं. धुक्यात जांभळीखालचं वळण तेवढं दिसत होतं. त्याच्यावर कुणी नव्हतं. अगदी कुणी नव्हतं.

"तुम्ही निघा, मामा," ती म्हणाली. "मला वर जायचंय."

"आज?"

"आज, आणि रोज. कुणी येवो न येवो."

तिनं बोचकं परत उंबऱ्याच्या आत ठेवलं, कोयता खांद्यावर घेतला आणि चढायला लागली.

डोंगर सुखात राहिला, राई सुखात राहिली, मथूही सुखात राहिली. एकटी होती का? होती, बाळांनो. पण सुखात होती. झाली गोष्ट. दिवसभर फार चाललेत तुमचे पाय. घ्या बरं ते पांघरुणात, आणि मिटा डोळे.