देवाचा धडा

झाडं पायी फिरायची तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठी सगळ्या पिल्लांची मिळून एकच शाळा होती. एके सकाळी कासवबाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आजचा धडा : देव'. झालं! पालक धावतच आले.

"देव हिरवा असतो, डरांव डरांव करतो!" बेडूकराव गरजले.

"काहीतरीच! त्याला चोच असते!" कावळीण किंचाळली.

ओढाताणीत फळा तळ्यात पडला. बाईंनी विचारलं, "पण पिल्लं कुठायत?"

पिल्लं झाडामागे डोळे मिटून आकडे मोजत होती.

"लपाछपी खेळतोय," बेडकाचं पिल्लू खिदळलं. "देव लपलाय. ज्याला दिसेल त्यानं इस्टॉप म्हणायचं. तुम्हाला दिसलाय ना, बाबा? मग म्हणा की!"

बेडूकरावांनी फळा काढायला तळ्यात टुणकन उडी मारली.

कावळीण मात्र डोळे झाकून पिल्लांत जाऊन उभी राहिली. "एक, दोन, तीन..."