ऐनाखालचा कुकारा

कोंढारीच्या डोंगराला अजून पायवाटही फुटली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. तिथे बुधी नावाची विधवा सून आपल्या सासूजवळ राहायची. रानातलं झाड न् झाड तिच्या ओळखीचं. लोक पानांवरून झाडं ओळखत, पण उन्हाळ्यात पानं असतात कुठे? बुधी डोळे मिटून सालीवर हात फिरवायची आणि नाव सांगायची, असं म्हणतात.

एका वैशाखात सासू, चिमाबाय, तापाने फणफणली. झरा आटलेला, घरात पाण्याचा थेंब नाही. बुधीने चढावरच्या ऐनाच्या झाडाच्या फुगीर बुंध्याला कुऱ्हाडीने हलकेच खाच पाडली. आतून पाणी आलं आणि सासू वाचली. पण ऐन म्हणजे गावाचा देव. देवावर घाव घातला म्हणून पंचांनी बुधीला वाळीत टाकलं, डोंगराच्या माथ्यावर हाकललं. वर ताकीद दिली, हिच्या कुकाऱ्याला कोणी उत्तर द्यायचं नाही.

कुकारा म्हणजे रानातली हाक. एकाने 'कूऽऽ' केलं, की ऐकणाऱ्याने 'कूऽऽ' करायचं, मग तो वैरी का असेना. बुधी रोज सांजेला ऐनाखालून कुकारा द्यायची. खाली पेटलेल्या चुली दिसायच्या, माणसांचं बोलणं ऐकू यायचं. उत्तर मात्र नाही. जिच्यासाठी एवढं केलं, ती चिमाबायसुद्धा तोंडात पदर कोंबून गप्प बसायची. बुधीने भूक सोसली, थंडी सोसली. ते गप्प बसणं काही तिला सोसवेना.

मग असा दुष्काळ पडला की झऱ्याच्या कुंडातला गाळसुद्धा वाळला. आता कुठला देवाचा धाक? पंच स्वतःच कुऱ्हाडी घेऊन निघाले! आणि बुधीच्या ऐनाकडे जायची लाज वाटली, म्हणून हे शहाणे गेले ओढ्याकाठी. पाण्याचं झाड पाण्याजवळच असणार, हा त्यांचा हिशेब. तिथे होते गुळगुळीत, पांढरट सालीचे अर्जुन. पानं झडलेली, म्हणून त्यांनाच ऐन समजून घावावर घाव घातले, पण काही निघालं नाही.

सांजेला वरून कुकारा आला. पंच माना खाली घालून उभे. तेव्हा चिमाबाय काठी टेकत अंगणात आली आणि फाटक्या आवाजात ओरडली, "कूऽऽ! बुधे, म्या हाय गं! रोज ऐकत व्हते!"

बुधी डोंगर उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात.

"आत्याबाय, येकदा तरी कू म्हनायचं व्हतं," एवढंच ती बोलली. मग सगळ्यांना घेऊन चढावर गेली. "वड्याकाठी गोरा दिसतो त्यो अर्जुन. ऐन ऱ्हातो चढाला, काळा, मगरीच्या पाठीवानी. त्याचं फुगल्यालं अंग बघून हळूच टोचा. भागलं की खुंटी मारा, चिखल लिंपा."

तिने तिथल्या एका ऐनावर नुसता तळवा टेकवला आणि तो वाहू लागला, असं म्हणतात. पाऊस येईपर्यंत गाव त्या पाण्यावर जगलं.

"आता घरी चल," चिमाबाय म्हणाली.

"वरच्या ऐनाची म्या पयली पाडल्याली खाच उघडीच ऱ्हायलीय. लिंपून येते."

ती गेली ती गेलीच. दुसऱ्या सांजेला कुकारा आला नाही. अख्ख्या गावाने हाका मारल्या. वर कुणीच नव्हतं. खाच तेवढी ताज्या चिखलाने लिंपलेली, त्यावर पाच बोटं उमटलेली.

अजूनही वैशाखात गावातली एक सून त्या ऐनाखालून कुकारा देते. खाली म्हातारे, आजारी, एकमेकांशी अबोला धरलेले भाऊ, सगळे उत्तर देतात. त्या सांजेला गप्प राहायची कुणाला मुभा नाही. उत्तर देऊन झालं, की माणसं अंगणात तशीच थोडा वेळ उभी राहतात. आणखी एक आवाज येतो का, ते ऐकत.