कातोबाचं बिनदाराचं बीळ

माणसं डोंगरात शिरायच्या आधीची गोष्ट. कातोबा साळिंदरानं जन्मभर हिंडून झाडावेलींचं बी बिळात साठवलं होतं. बिळाला दार नव्हतं. एका उन्हाळ्यात वणव्यानं डोंगर काळाठिक्कर पडला. जनावरं यायची, बी बघायची आणि रिकामीच परत जायची. इकडे बियांना कीड लागायला लागली.

"उघडंच ठेवलंय ना मी? मग न्यायला काय होतं तुम्हाला?" कातोबा खेकसला.

"आजोबा," ठमी ससीण म्हणाली, "बघू देता, पण नेऊ देता का, ते कधी बोललात? वर बिळाच्या तोंडाशी काटे फुलवून बसता!"

कातोबानं काटे मिटले. "बरं, ऐका! खा, पेरा, वाटा. नाव तेवढं माझं सांगा, आणि उगवेल त्याला कुणी कुंपण घालायचं नाही."

पावसाळा सरला तेव्हा डोंगर हिरवागार होता. कातोबा एका काकडीच्या वेलाशी थबकला. तित्तराचं नवखं पिल्लू ओरडलं, "घ्या की आजोबा! कातोबाचं बी आहे, कुणालाही चालतं. फक्त त्याचं नाव सांगायचं. फार खडूस आहे म्हणे म्हातारा!"

"आहेच मुळी," म्हणत कातोबानं काकडी कचकन फोडली आणि अर्धी पिल्लापुढं सरकवली.