चिमटा आणि ग्रीसची चिंधी

अवजारं बोलायची त्या काळची गोष्ट. जुन्या मोटारसायकलचं इंजिन उघडलं की त्याच्या तोंडात आधी चिंधी कोंबायची, अशी गॅरेजची रीत होती. चिमट्याला ती खुपायची. "माझ्या हातून कधी काही पडलंय? काढा ती ग्रीसनं माखलेली चिंधी!"

चिंधी निघाली आणि तांब्याचा वायसर चिमट्यातून निसटून थेट आत गेला.

चिमटा तिथवर पोचेना. लोहचुंबक उतरलं, पण तांबं त्याला चिकटेना. "आता कुणी किक मारली तर मी मेलंच!" इंजिन कळवळलं.

शेवटी चिंधीच तारेला गुंडाळून खाली गेली. तिच्या ग्रीसला चिकटून वायसर वर आला.

चिमट्यानं तो धरला, पण जागचा हलेना.

"आता का थांबलास?" इंजिनानं विचारलं.

"आधी चिंधीताईंना तुझ्या तोंडात बसू दे."