अर्धं घरटं

पक्षी एकमेकांच्या गावी पाहुणे म्हणून जायचे, तेव्हाची गोष्ट. वादळात तळ्याकाठच्या बाभळीवरची सुगरणींची सगळी घरटी उडून गेली. अंडी घालायचे दिवस तर तोंडावर आलेले.

दूरदेशीच्या करकोच्याचा जीव कळवळला. जाड काटक्या आणून त्याने फांदीफांदीवर ऐसपैस घरटी रचली. पण एकाही घरट्यात कुणी राहायला गेलं नाही.

"काय कमी पडलं?" त्याने हिरमुसून विचारलं.

एक सुगरण जवळ येऊन बसली. "कमी काही नाही, दादा. आमच्यात गडी घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. मग आम्ही बाया जातो, आत बसतो, धागे ओढून बघतो. आम्हाला पटलं तरच तो पुढचं विणतो. तू सगळं पुरं करूनच आम्हाला बोलावलंस."

करकोच्याने विचारलं, "मग मी काय करू?"

"हे आधी विचारायचं होतंस," ती हसली. "घरट्याला आतून चिखल लागतो. चांगला चिखल तळ्याच्या मधोमध आहे. तिथे आमचे पाय पुरत नाहीत."

करकोच्याने चोचभर चिखल आणला आणि भरल्या तोंडाने कसंबसं विचारलं, "कुठे लावू?"

"लावू नकोस. नुसता धरून उभा राहा."

तो उभा राहिला. सुगरणी थोडा थोडा चिखल नेत आणि गड्यांनी नव्याने विणायला घेतलेल्या घरट्यांत हवा तिथे लिंपत.

तो घरी परतल्यावर भाऊबंदांनी विचारलं, "किती घरटी बांधलीस?"

"एकही नाही," करकोचा म्हणाला. चोचीवर वाळलेला चिखल मात्र त्याने कितीतरी दिवस धुतला नाही.